पाटलाच्या फेट्यातला इंग्लंडचा राजा

डोमाजीला सारं गाव राजा म्हणायचं, आणि ते थट्टेनं नव्हे. बेंबळा नदीच्या काठावर, बाभुळगावच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर त्याचं गाव. वर्षाचे अकरा महिने तो दुसऱ्याच्या वावरात वखर हाकायचा, कुंपणाच्या काट्या तोडायचा, आणि कार्तिक लागला की राजा व्हायचा. चौकात दंडार उभी राहायची. दंडार म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं उघड्यावरचं नाटक, ना पडदा ना मंच. ढोलकी, टाळ, साडी नेसून राणी झालेला एखादा मिशा काढलेला गडी, हसवायला सोंगाड्या, मागे चार झीलकरी आणि मधोमध राजा. राजानं गाण्याची ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची. डोमाजीनं ओळ टाकली की चौकातली कुत्रीसुद्धा गप बसायची, असं त्याची बायको कौसल्या सांगायची. तिनं नवऱ्याचं कौतुक केलं ते एवढंच.

दंडारीत डोमाजीचा शब्द शेवटचा. खेळ कोणता लावायचा, राणी कोण, प्रधान कोण, हे तो ठरवायचा आणि बाकीच्यांनी मुंडी हलवायची. सोंगाड्या उकंडा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. एकदा भर खेळात उकंडानं राजापेक्षा जास्त हशा घेतला म्हणून डोमाजीनं त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. लोकांना वाटलं, खेळातलंच आहे. उकंडाही हसला, पण घरी गेल्यावर जेवला नाही.

राजाला फेटा लागायचा, तो सदाशिव पाटलाचा. ही गावची रीतच होती. दंडारीच्या दिवशी पाटलाच्या डोक्यावरचा जुना फेटा कोतवाल आणायचा आणि चौकातल्या दगडावर ठेवायचा, कारण हातात कसा देणार? डोमाजी तो उचलून बांधायचा. त्याच्या डोक्याला लागलेला फेटा पुन्हा पाटलाच्या घरात कसा जाईल, म्हणून तो त्यालाच बक्षीस. अशा साऱ्या फेट्यांची कौसल्येनं गोधडी शिवली होती. "आमी पाटलाच्या डोक्यावर झोपतो," असं ती महारपुऱ्यातल्या बायांना हळूच सांगायची आणि पदरात तोंड घालून हसायची.

मग छप्पन साल आलं. पुऱ्यातली झाडून सारी माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला जाऊन आली, महारपुऱ्याचा बौद्धपुरा झाला आणि घरातले देव टोपलीत भरून बेंबळेत गेले. ती टोपली डोमाजीनंच डोक्यावरून नेली होती. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. तोंडाला रंग न लावता आपण पहिल्यांदा ताठ उभे राहिलो ते त्या दिवशी, असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, पाटलाच्या दारातली वेठ बंद झाली.

पण परत येताना ओली टोपली हातात लोंबत असता त्याच्या ध्यानात आलं की देवांबरोबर राजेही वाहून गेले. दंडारीतला एक राजा देवाला राज्य दान करणारा, दुसरा देवाकडून वर मागून माजलेला, तिसरा ऋषीच्या शापानं रानोमाळ फिरणारा. सगळे मेले देवाचे सोयरे! धर्म घेतलेल्या माणसानं त्यातला एकही राजा करायचा नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पोरांनी अशोक राजाचं नाव काढलं. तो खेळ पुऱ्यात लावलाही. पण अशोकाचं काही चुकलं तर काय घ्या, या धाकानं सारे हात जोडून उभे. राजाला रागवायची सोय नाही आणि उकंडाला विनोद करायची छाती नाही. प्रार्थनेसारखा तो खेळ झाला आणि प्रार्थनेसारखाच लवकर संपला.

पुढचे कार्तिक कोरडेच गेले. डोमाजी आतून वाळत चालला. वावरात काम करता करता त्याचे ओठ हलायचे, ओळ घशापर्यंत यायची आणि तो ती गिळायचा. तोंडची भाकर काढून घेतलेल्या माणसाचं दुःख लोकांना कळतं. तोंडचं गाणं काढून घेतलेल्याचं दुःख कुणाला सांगायचं? आणि सांगायचं तरी कुणाविरुद्ध? देव त्यानं स्वतःच्या हातानं सोडले होते.

त्याची लेक सत्यशीला बाभुळगावच्या हायस्कुलात जायची. आठवडाभर मावशीकडे राहायची आणि शनिवारी घरी यायची. मॅट्रिकचं वर्ष होतं. एका शनिवारी ती चुलीजवळ बसून इतिहास पाठ करत होती आणि डोमाजी दारात तंबाखू मळत बसला होता.

"फ्रान्सचा चौदावा लुई म्हणत असे, राज्य म्हणजे मीच," सत्यशीला वाचत होती.

डोमाजीचा अंगठा थांबला. "कोन म्हने?"

"लुई. फ्रान्सचा राजा. अनियंत्रित राजेशाही म्हणतात बाबा त्याले. राजाले इचारनारा कोनीच नाही."

"वा! हा आपला मानूस. मंग त्याचं काय झालं?"

"काही नाही. म्हातारा होऊन मेला."

"मंग त्यात दंडार नाही," डोमाजी म्हणाला. "दुसरा पाह्य."

दुसरा सापडला तो इंग्लंडचा पहिला चार्ल्स. देवानं आपल्याला राजा केलं, तेव्हा आपण जाब देऊ तो फक्त देवाला, असं मानणारा. त्यानं लोकांची सभा घरी पाठवली, मनाला येईल तसे कर बसवले, रयतेशी लढाई केली आणि हरला. मग रयतेनंच न्यायालय भरवलं आणि राजाला आरोपी म्हणून उभं केलं. तो म्हणाला, कोणत्या अधिकारानं तुम्ही मला इथं आणलंत? त्यांनी त्याचं मुंडकं उडवलं. थंडीचे दिवस होते. आपण कुडकुडलो तर लोकांना वाटेल राजा भ्याला, म्हणून तो दोन सदरे घालून मरायला गेला.

डोमाजीनं मळलेली तंबाखू तशीच खाली टाकली. "दोन सदरे घालून," तो पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी त्याला एक राजा भेटला होता, देवाला पाण्यात सोडल्यावरही करता येईल असा. उलट देवाचं नाव सांगणाऱ्या राजालाच शिक्षा! याला पुऱ्यातलं कोण नाही म्हणणार?

"पुढचा धडा आयका न बाबा," सत्यशीला म्हणाली. "त्याच्या मांगून मर्यादित राजेशाही आली. राजा राह्यला, पन कायदा त्याच्यावर. सभेले इचारल्याबिगर त्याले कर नाही, फौज नाही."

"मंग तो राजा कायचा? तो तं कोतवाल झाला."

"परीक्षेत तेच येते."

"तुले येत असन. मले नाही येत," डोमाजी म्हणाला आणि उकंडाला हाक मारायला बाहेर पडला. पुढचा धडा त्यानं काही ऐकला नाही.

दंडार बसली. बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, गावच्या चौकात. पुऱ्यातली पोरं म्हणत होती की खेळ आपल्या पुऱ्यातच लावू. पण डोमाजीनं कुणाला न विचारता सदाशिव पाटलाला जाऊन सांगितलं. चौकाशिवाय राजा त्याला माहीतच नव्हता. पाटलालाही दंडारीवाचून चुकल्यासारखं झालं होतं. पुऱ्यानं वेठ सोडल्याचा राग त्याच्या मनात होता, पण नाटकाची हौस रागापेक्षा मोठी. त्यानं फेटा पाठवला आणि कोतवालानं तो दगडावर ठेवला.

"नोको घेऊ तो फेटा," उकंडा म्हणाला. "आपल्या कपड्याचा बांध. आता काहून पायजे त्याचा?"

"राजा कोन हाये? मी का तू?"

उकंडानं मुंडी हलवली. ती त्याची सवयच होती.

खेळ रंगला. खरंच सांगतो, असा रंगला की गावानं पुन्हा तसा पाहिला नाही. डोमाजी न्यायासनासमोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "कोन्या कायद्यानं तुमी मले इथं आनलं?" तेव्हा पाटलाच्या बाजेवरूनही वाहवा आली. तो दोन सदरे चढवू लागला तेव्हा बाया रडल्या. आणि मग शिरच्छेद आला. दंडारीत मुंडकं उडवायची रीत ठरलेली असते. दोघांनी राजासमोर चादर धरायची, ढोलकीनं घाई करायची, आणि चादरीमागून एक कोहळं फेकायचं. हा लाल भोपळा म्हणजे मुंडकं. मुंडकं ओळखू यावं म्हणून राजाच्या डोक्यावरचं काढून कोहळ्याला घालायचं. आजवर फेट्यावर चढवलेला मुकुट काढून घालत आले होते, सोनेरी कागदाचा. आरोपी झालेल्या इंग्लंडच्या राजाला मुकुट नव्हता. त्याला नुसता फेटा होता.

इतक्या तालमी झाल्या आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये? नाही पडला. तालमीत डोमाजीच्या डोक्याला नुसतं फडकं असायचं. जल्लाद झालेल्या उकंडानं तेच केलं जे दंडारीत त्याचा बाप करत आला होता. सदाशिव पाटलाचा फेटा गुंडाळलेलं कोहळं चादरीमागून उडालं, आपटलं, फुटलं आणि धुळीतून गडगडत थेट पाटलाच्या बाजेपाशी जाऊन थांबलं. फेट्यातून गर आणि बिया बाहेर आल्या. उकंडा ठरल्याप्रमाणे ओरडला, "पाहा रे लोकहो, हे जुलमी राजाचं मुंडकं!"

 मग पुऱ्यातल्या बायांत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा पुरा हसला. पोटातलं, पिढ्यापिढ्यांचं, आवरता न येणारं हसू. पाटील उठला, वहाणा शोधल्या आणि घरात गेला. गावची माणसं त्याच्यामागून गेली. डोमाजी चादरीमागून बाहेर आला तेव्हा अर्धा चौक रिकामा आणि अर्धा हसत होता. काय झालं ते त्याला बराच वेळ कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुऱ्याला काम बंद झालं. कापूस वेचायचे दिवस, बोंडं फुटून वावरं पांढरी झालेली, आणि पुऱ्यातल्या एकाही बाईला वेचायला बोलावणं नाही. दुकानदार मीठ देईना, घासलेट देईना. पाटलाचा निरोप आला की डोमाजीनं चावडीवर यावं, सगळ्यांसमोर पायरीला डोकं टेकावं. मग काम सुरू, आणि चौकही मोकळा. नाही तर या चौकात पुऱ्याचा पाय पडणार नाही.

पुरा विहारापुढच्या निंबाखाली बसला. विहार म्हणजे तेव्हा चार कुडाच्या भिंती होत्या. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, डोकं कुणी टेकायचं नाही. काही जण यवतमाळला जिनिंगमध्ये काम बघतील, काही सोयऱ्यांकडून दाणे आणतील, बाभुळगावला फिर्याद देतील. "त्याचा कापूस झाडावर किती दिस थांबते तेही पाहू," उकंडा म्हणाला. सगळे हसले. डोमाजी हसला नाही.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण नंतर त्यानं वेगळं सांगितलं. नंतर तो म्हणायचा, लेकरांची भूक पाहवली नाही. भूक होती, खोटं कशाला बोला. अंबाडीची भाजी बिनमिठाची खाऊन लेकरं तोंड वाकडं करत होती. पण डोमाजीला दिसत होता तो चौक. आयुष्यभर लोकांनी त्याला हटकलं, बाजूला सर म्हटलं, दुरून बोल म्हटलं. त्या एका चौकात, त्या एका दिवशी, तेच लोक मान वर करून त्याच्याकडं पाहायचे. तो चौक गेला तर मग उरला कोण? वखर हाकणारा एक म्हातारा.  कौसल्येला हे सांगावं असं त्याला कितीदा वाटलं, पण मनातलं सांगायची राजाला सवय नव्हती.

आभाळ भरून आलं त्या सकाळी तो एकटाच चावडीवर गेला. तासभर थांबला असता तरी पाटलाचा माणूस पुऱ्यात आला असता, कारण पावसाच्या भीतीनं पाटलाचीही झोप उडाली होती आणि वेचायला बाया पाठवा असं म्हणायला त्याचा माणूस निघालाच होता, असं कोतवालानं मागाहून सांगितलं. डोमाजीला ते माहीत नव्हतं. त्यानं टोपी काढली, गुडघे टेकले आणि दगडी पायरीला कपाळ लावलं.

"बस," पाटील म्हणाला. "जाय आता. पुढच्या कार्तिकात फेटा पाठवीन."

डोमाजी घरी आला. कौसल्येनं त्याच्या कपाळाची माती पाहिली आणि तिला सगळं समजलं. तो रांजणाकडं वळला तशी ती आडवी आली.

"धुऊ नोका. पाहू द्या पुऱ्याले."

त्या दुपारी बाया वेचायला गेल्या. पाटलाचा कापूस पावसाआधी घरात आला. गावानं म्हटलं, शेवटी वाकलेच. सगळा पुरा ताठ असून एका कपाळापायी वाकलेला ठरला.

संध्याकाळी दंडारीची माणसं निंबाखाली जमली आणि डोमाजीला बोलावणं आलं. या माणसांना त्यानं आजवर बोलावलं होतं. त्यांनी त्याला बोलावल्याची ही पहिलीच वेळ. सत्यशीलाही बाभुळगावहून आलेली होती. ती बायांत उभी होती.

"म्या वाकलो म्हनून तुमाले काम भेटलं," डोमाजी म्हणाला. "चौक भेटला."

"तुले कोनं म्हटलं होतं वाक म्हनून?" उकंडा उठून उभा राहिला. "फेटा घेतला, आमाले इचारलं नाही. चौक ठरवला, इचारलं नाही. डोकं टेकलं तेही नाही. डोकं तुह्यं एकट्याचं होतं का रे डोमा? आमच्या समद्याईचं टेकवून आला तू."

 खेळात असता तर डोमाजीला उत्तर सुचलं असतं.

उकंडा मग खाली बसला आणि हळू बोलला, मित्रासारखा. "राजा तूच राह्य. आमाले दुसरा राजा नाही पायजे, अन् तुह्यासारखा भेटनारही नाही. पन दंडार आता पुऱ्यात. अन् काय करायचं ते समद्याईनं बसून ठरवायचं. तुह्या एकट्याच्या शब्दावर नाही. हे मंजूर असन तं उद्यापासून तालीम."

एवढंच होतं. हो म्हणायला किती श्वास लागतो? सत्यशीला त्याच्याकडं असं पाहत होती की जणू तिच्याच परीक्षेचा निकाल लागायचा आहे. डोमाजीला हो म्हणायचं होतं, तो शब्द ओठापर्यंत आलाही होता. मग त्याला वाटलं, हो म्हटलं तर आज कपाळाला जी माती लागली ती फुकटच गेली. ज्याच्यासाठी वाकलो तो चौकच सोडायचा?

"चौकातच," तो म्हणाला. "नाही तं मी नाही. अन् माह्याबिगर तुमी काय करान?"

उकंडानं विचारलं, चौक कुणाला पाहिजे? एकही हात वर झाला नाही. पुरा कुणाला पाहिजे? सगळे हात वर झाले. डोमाजीनं बायांकडं पाहिलं. सत्यशीलेचा हात वर होता. ती रडत होती, पण हात तिनं खाली घेतला नाही.

वर्षभर तो वाट पाहत राहिला. येतील, राजाशिवाय कुठं जातील? सत्यशीला मॅट्रिक झाली, तिनं पाया पडायच्याऐवजी जयभीम केला आणि त्यानं नुसती मान हलवली. उकंडा रस्त्यात दिसला की दोघंही वावराकडं पाहत जायचे. एकदा उकंडा थांबला होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. डोमाजी थांबला नाही.

कार्तिकात बाजाराचा दिवस आला. पाटील शब्दाचा पक्का. कोतवालानं फेटा आणून दगडावर ठेवला, वर गॅसबत्ती लावून दिली. डोमाजीनं दोन सदरे घातले. "जाऊ नोका," कौसल्या म्हणाली. "पुऱ्यात चाला माह्यासोबत. खाली बसून पाह्यलं तं काय होते?" तो निघाला.

चौकात कुणी नव्हतं. गावची माणसंही नव्हती. पुऱ्यात नवा खेळ आहे असं ऐकून पोरंटोरं, बाया, कुणब्यांच्या घरातले गडीसुद्धा तिकडं गेले होते. विहाराकडून ढोलकी ऐकू येत होती. नवा राजा कोण होता ते डोमाजीनं विचारलं नव्हतं. त्यानं फेटा बांधला, मधोमध उभा राहिला आणि ओळ टाकली. झीलकऱ्यांनी ती उचलायची असते. तो थांबला. पलीकडून हशा आला, मोठा, उकंडानं घेतलेला. डोमाजीनं ओळ पुन्हा टाकली. ती जरा वेळ चौकात राहिली आणि विरली. मग तो तिसऱ्यांदा टाकू शकला नाही.  त्याला धावत पुऱ्यात जावंसं वाटलं, उकंडाच्या पायावर पडावंसं वाटलं, आणि त्याचे पाय जागचे हलेनात.

वाड्याच्या ओट्यावर खोकल्याचा आवाज झाला. सदाशिव पाटील बाज टाकून बसला होता, एकटाच.

"थांबला काहून डोमाजी?" पाटील म्हणाला. "चालू दे. मी हाओ ना पाह्याले."

डोमाजीनं पुऱ्याकडच्या अंधाराकडं एकदा पाहिलं. मग तो पाटलाकडं तोंड करून उभा राहिला आणि गाऊ लागला.